दगड ओळखता येतो का, ते विचारा

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती, होस्टेल मिळेल का आणि पुढे नोकरीचं काय. भूशास्त्राच्या, म्हणजे सगळे ज्याला जिऑलॉजी म्हणतात त्या विभागाच्या दारात यात आणखी एका प्रश्नाची भर पडते: "हा विषय असतो तरी कशाचा?" यात गैर काही नाही. पण यंदा तुम्ही या विभागात मुलाला किंवा मुलीला घेऊन जाणार असाल, तर माझी एक विनंती आहे. हे सगळं विचारून झालं की विभागप्रमुखांना एवढंच विचारा: "तीन-चार वर्षांनी आमच्या मुलीला काय काय करता येईल? आणि ते तिला येतं, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

पहिल्या भागाचं उत्तर आजकाल प्रत्येक कॉलेजकडे छापून तयार असतं. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, समितीला उद्दिष्टं दाखवावी लागतात. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच 'प्रोग्रॅम आउटकम' आणि 'कोर्स आउटकम' अशी यादी असते. विद्यार्थी खडक आणि खनिजं ओळखेल, भूशास्त्रीय नकाशा वाचेल, भूजलाचा शोध घेईल, निसर्गाबद्दल जबाबदारीनं वागेल. यादी वाचून कुणाचंही समाधान व्हावं. मला या यादीची चेष्टा करायची नाही. शिक्षकानं वर्गात काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला काय आलं हे बघा, ही त्यामागची कल्पना सरळ आणि चांगली आहे. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 साली शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हापासून शिक्षणशास्त्रात हेच सांगितलं जातंय की उद्दिष्ट लिहिताना असं क्रियापद वापरा, जे तपासता येईल. 'समजेल' लिहू नका, 'रेखाटेल', 'मोजेल', 'तुलना करेल' असं लिहा.

घोटाळा होतो तो पुढे. यादीत लिहिलेलं असतं 'विद्यार्थी क्षेत्रात बेसाल्टचे प्रकार ओळखेल' आणि प्रश्नपत्रिकेत येतं 'बेसाल्टवर टीप लिहा'. टीप पाठ करून लिहिता येते. मग परीक्षेतल्या गुणांवरून कोष्टक भरलं जातं. कुठलं उद्दिष्ट कुठल्या विषयाशी किती जुळतं त्याला एक, दोन, तीन असे आकडे द्यायचे, मुलांच्या गुणांची टक्केवारी काढायची आणि उद्दिष्ट 'साध्य' झालं म्हणून लिहायचं. फाईल तयार होते, समिती खूश होऊन जाते. त्या फाईलमध्ये सगळं असतं, फक्त त्या मुलीनं कधी एखाद्या कड्यापुढे उभं राहून 'हा थर इथं संपला, तो दुसरा इथं सुरू झाला' असं बोट ठेवून सांगितलं का, याची नोंद नसते.

प्रात्यक्षिक परीक्षा असते की, असं तुम्ही म्हणाल. असते. तिच्यातला 'स्पॉटिंग' नावाचा प्रकार जरा जवळून बघू.

टेबलांवर ओळीनं लाकडी ट्रे मांडलेले असतात. प्रत्येकात एक दगड, त्यावर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यात लिहिलेला नंबर. घंटी वाजली की मुलं एक जागा पुढे सरकतात आणि दगडाचं नाव, गुणधर्म, उपयोग लिहितात. ऐकायला उत्तम. पण तेच नमुने वर्षानुवर्षं त्याच कपाटातून येतात. जरा हुशार मुलाला दुसऱ्या सत्रापर्यंत माहीत होतं की कोपरा उडालेला गुलाबी तुकडा म्हणजे ऑर्थोक्लेज, ज्याच्यावर जुन्या फेविकॉलचा डाग आहे तो जिप्सम आणि सगळ्यात जड ट्रे म्हणजे बॅराइट. दारातल्या चपला बघून घरात कोण आलंय ते ओळखावं, तसं हे ओळखणं. चपला बदलल्या की पंचाईत.

आता त्याच मुलाला एखाद्या विहिरीत उतरवा. आपल्याकडच्या विहिरीच्या भिंतीवर काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात. शेतकरी त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. लाव्हा थंड होत असताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत खनिजं भरली, ते हे ठिपके. एखादा ठिपका कॅल्साइट असतो, एखादा स्टिल्बाइटसारखं झिओलाइट, एखादा खरंच गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. तिन्ही पांढरे. कपाटातल्या कॅल्साइटला सुबक तिरके चौकोनी काठ असतात. विहिरीतल्या ठिपक्याला काठच नसतो. इथं पाठांतर उपयोगाचं नाही. खिशातल्या चाकूचं टोक घासायचं. क्वार्ट्झवर चरा उठत नाही, कारण त्याची कठीणता मोसच्या मापावर 7 आणि चाकूची साडेपाचच्या आसपास. उरलेल्या दोघांवर चरा उठतो. मग बाटलीतून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला तर कॅल्साइट, नाहीतर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त. मग हँड लेन्स डोळ्याशी धरून, दगड लेन्सजवळ आणून बघायचं. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं जी मुलगी आत्मविश्वासानं पार पाडते, तिला खनिजशास्त्र आलं. तिला 'झिओलाइटवर टीप लिहा' मध्ये किती गुण मिळाले, याची मला फारशी फिकीर नाही.

पुण्याच्या आसपास तर या विषयाचा खजिनाच आहे. वाघोलीच्या खाणीत निळं कॅव्हन्साइट सापडतं, पाषाणचं हिरवं अपोफायलाइट जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेलं आहे. आपल्याच गावाच्या नावाचं लेबल परदेशातल्या संग्रहालयात बघून मुलं फोटो पाठवतात आणि त्यातल्या काहींनी ती खाण कधी पाहिलेलीच नसते.

तशीच गोष्ट सूक्ष्मदर्शकाची. खडकाचा पापुद्रा काढून काचेवर चिकटवतात. त्याची जाडी 0.03 मिलिमीटर व्हावी लागते, तेव्हा त्यातून प्रकाश आरपार जातो. ध्रुवित प्रकाशात बेसाल्टची ती पट्टी फिरवली की प्लॅजिओक्लेजच्या बारीक काड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी उजळतात आणि विझतात, मधेमधे ऑजाइट रंगीत दिसतं, काही दाणे काळेच राहतात. तयार पट्ट्या विकत मिळतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच वापरतात. माझं म्हणणं असं की प्रत्येक विद्यार्थ्यानं निदान एक पट्टी स्वतः घासून करावी. काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन गोल गोल घासत बसायचं, मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. प्लॅजिओक्लेज अजून पिवळट दिसतंय म्हणजे जाडी जास्त आहे. करडं दिसायला लागलं म्हणजे जमलं. आणखी दोन हात मारले तर पट्टी नाहीशी. ही पट्टी परीक्षकापुढे ठेवली की त्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुणी भूशास्त्र घेणार नाही, आम्हाला याच्याशी काय देणं-घेणं? महाराष्ट्राच्या जमिनीचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टनं, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. वाळूसारखं या खडकात सगळीकडे पाणी मुरत नाही. ते मुरमात, फटींमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. गावोगावी आजही पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ धरतो, नाहीतर कडुलिंबाची दुबेळकी काडी, आणि शिवारातून फिरतो. मी त्याला हसत नाही. कुठं झाडं हिरवी राहतात, कुणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं, हे त्याला ठाऊक असतं. पण तो कारण सांगत नाही आणि चुकला तर का चुकला हेही सांगू शकत नाही. बोअरचे पैसे मात्र शेतकऱ्याचे जातात, बऱ्याचदा कर्जाचे.

भूशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीकडून माझी अपेक्षा साधी आहे. तिनं गावातल्या चार विहिरी बघाव्यात, प्रत्येकीतले थर वरून खाली कागदावर काढावेत: काळी माती इतकी, मुरूम इतका, मग गारगोट्यांचा ठिसूळ खडक, मग काळा पाषाण, मधे एखादा लाल मातीचा थर, परत खडक. पाणी कुठल्या सांध्यातून झिरपतंय ते खुणेनं दाखवावं. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची घेऊन चारही चित्रं एका पातळीवर मांडावीत. मग तो पाणी देणारा सांधा शिवारातून कुठून कसा जातो ते आपोआप दिसायला लागतं. आणि मग तिनं शेतकऱ्याला सांगावं, की इथं विहीर घ्या, इथं घेऊ नका, आणि दोनशे फुटांच्या खाली जाऊन काही हाती लागण्याची शक्यता कमी आहे, कारण हे. राज्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणणारा भूजल कायदा आहे; तो कशासाठी आहे हेही तिला सांगता आलं पाहिजे. हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक करतात, पुण्यातल्या ॲक्वाडॅमसारख्या संस्था गावकऱ्यांना बरोबर घेऊन करतात. ते शिकायला कुठली महागडी यंत्रं लागत नाहीत. टेप, दोर, वही आणि डोळे पुरतात.

डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना तर याहून मोठी गरज आहे. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. कुणी भूशास्त्रज्ञ असता तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं मेलेल्यांचा अपमान होईल. पण वस्तीच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली, विजेचे खांब आणि झाडं एका बाजूला कलायला लागली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, यांचा अर्थ काय होऊ शकतो, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक भूशास्त्र पदवीधराला सांगता आलं पाहिजे आणि तहसील कार्यालयात जाऊन ठामपणे मांडता आलं पाहिजे. तेव्हा या अभ्यासक्रमाचं मूल्यमापन कसं होतं, यात तुमचाही वाटा आहे. तुमच्या मुलांनी तो घेतला नाही तरी.

आता क्षेत्रकार्याकडे वळतो, कारण सगळं गाडं तिथंच अडतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे, ती बाहेरच्यांना चटकन कळत नाही. आपले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. कात्रजचा घाट बघा, दिवे घाट बघा, पायऱ्या एकावर एक. त्यामुळे थराचा कल कुठल्या बाजूला आणि किती अंश, म्हणजे ज्याला डिप आणि स्ट्राइक म्हणतात, ते मोजायला घराजवळ जागाच नाही. मुलं कंपास हातात घेऊन वर्गातल्या टेबलाला पुस्तकांचा टेकू देतात आणि त्याचा कल मोजतात. वळ्या पडलेला खडक बघायचा तर बदामी-बागलकोटकडे जावं लागतं, जीवाश्म बघायचे तर कच्छला, रूपांतरित खडक आणि खाणी बघायच्या तर उदयपूरकडे. नागपूरच्या मुलांचा मला हेवा वाटतो. एका दिवसाच्या प्रवासात त्यांना मनसरचं मँगनीज मिळतं, उमरेडचा कोळसा मिळतो आणि वर लाव्हाही आहेच. तिथल्या टाकळीच्या जीवाश्मांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्यानं केला. धर्मप्रचाराच्या निमित्तानं पायी फिरत असताना डोळे उघडे ठेवले, एवढंच त्याचं भांडवल. गोव्यातल्या मुलांनाही घराबाहेर पडलं की तिरके थर, जांभा आणि लोहखनिज दिसतं. मडगावच्या चौगुले कॉलेजातला विद्यार्थी ज्या गोष्टी बसनं तासाभरात बघतो, त्यांच्यासाठी पुण्याच्या विद्यार्थ्याला आठवड्याची सहल काढावी लागते.

सहल हाच शब्द घातक आहे. बस भरून मुलं जातात, सर पुढे उभे राहून सांगतात, मुलं लिहून घेतात, फोटो काढतात, परत येऊन रिपोर्ट लिहितात. रिपोर्ट गेल्या वर्षीच्या सीनियरच्या पेन ड्राइव्हमधून येतो. तारीख बदलते, कधीकधी तीही बदलायची राहते. याला गुण मिळतात आणि कोष्टकात 'क्षेत्रकौशल्य साध्य' अशी नोंद होते.

इंग्लंडमध्ये भूशास्त्राच्या पदवीसाठी विद्यार्थ्यानं काही आठवडे एका भागात जाऊन स्वतःच्या पायांनी फिरून नकाशा करायचा, अशी जुनी परंपरा आहे. आपल्याकडे एवढं जमणार नाही, मान्य. पण दोन चौरस किलोमीटरचा तुकडा, चार-पाच दिवस आणि दोघा-दोघांच्या जोड्या, एवढं कुठल्याही कॉलेजला जमावं. शिक्षकानं सकाळी तुकडा वाटून द्यायचा आणि गप्प बसायचं. संध्याकाळी मुक्कामावर, दिवसाची धूळ अंगावर असतानाच, वही तपासायची. वही तपासायची म्हणजे अक्षर बघायचं नाही. वहीत ठिकाणाचा नेमका पत्ता आहे का, मोजलेलं आणि अंदाजानं लिहिलेलं वेगळं दाखवलंय का, जिथं समजलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकलंय का, हे बघायचं. ज्या वहीत एकही प्रश्नचिन्ह नाही ती वही मला संशयास्पद वाटते. आणि तपासून तिथंच सही करायची, म्हणजे घरी जाऊन सुधारून लिहिण्याचा मोह राहत नाही.

शिक्षकांनी एक सोपी गोष्ट लगेच सुरू करावी असं मला फार वाटतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, काहीही शिकवण्याआधी, मुलांना जवळच्या एखाद्या रस्त्याच्या कापाशी न्यावं. अर्धा तास द्यावा आणि सांगावं, जे दिसतंय ते काढा आणि लिहा. मुलं काय काढतील? काळा दगड, लाल माती, वर गवत. कागद गोळा करून कपाटात ठेवावेत. शेवटच्या वर्षी त्याच मुलांना त्याच कापाशी पुन्हा उभं करावं. आता कागदावर थरांच्या सीमा यायला हव्यात, लाव्हाच्या वरच्या भागातले बुडबुडे आणि मधला घट्ट भाग वेगळा दिसायला हवा, लाल थर म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात तयार झालेली माती असावी हा तर्क यायला हवा, प्रमाणपट्टी आणि दिशा यायला हवी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की अभ्यासक्रमानं काय केलं ते पालकालाही कळतं. त्याला जिऑलॉजी यायची गरज नाही. आणि दोन्ही कागद सारखेच दिसले, तर तेही कळतं.

यात आणखी एक भर घालीन. शेवटच्या तोंडी परीक्षेत एक परीक्षक भूशास्त्राबाहेरचा असावा. एखादा सरपंच, एखादी शिक्षिका, एखादा रस्त्याचा ठेकेदार. विद्यार्थ्यानं आपल्या नकाशाचा अर्थ त्यांना मराठीत समजावून सांगावा. 'ॲमिग्डलॉइडल बेसाल्टमधली पोरॉसिटी' असं न म्हणता पाणी कुठं मुरेल ते सांगावं. इंग्रजी शब्द पाठ असतात तोपर्यंत आपल्याला विषय समजलाय असा भ्रम टिकतो, समोरचा माणूस "म्हणजे काय?" विचारतो तेव्हा तो उतरतो. पदवीनंतर याच माणसांसमोर बोलायचं आहे.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या माणसांकडून चार दिवस डोंगरात राहण्याची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? प्रवासखर्चाची तरतूद नाही, सूक्ष्मदर्शकांची दुरुस्ती होत नाही. आणि दगडासमोर तोंडी परीक्षा घेतली तर 'सरांनी आवडत्यांना गुण दिले' ही तक्रार ठरलेली. शेवटच्या मुद्द्यावर उपाय आहे. काय केलं तर किती गुण, हे आधीच कागदावर लिहून मुलांच्या हातात द्यावं. सीमा बरोबर ओळखली तर इतके, कारण दिलं तर इतके, शंका प्रामाणिकपणे नोंदली तर इतके. दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग पडताळावेत. बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या शिक्षकांनी एकट्यानं सोडवायच्या नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना क्रेडिट आहेत. संस्थाचालकांनी ती क्रेडिट भरण्यासाठी कुठलीतरी दोन तासांची रॅली काढण्यापेक्षा या विहिरींच्या कामाला लावावीत. पालकसभेत हा विषय काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

पालकांना आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मुलीला फील्डवर पाठवायला घरून नकार येतो आणि मग विभाग तिला घरबसल्या 'लायब्ररी प्रोजेक्ट' देतो. तिचे गुण कमी होत नाहीत, म्हणून तुम्हालाही काही गमावल्यासारखं वाटत नाही. पण तिनं विषयाचा अर्धा भाग गमावलेला असतो. नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता 1983 साली अंटार्क्टिकाला गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथं जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली आणि आपण बदामीच्या मुक्कामावर अडून बसतो. मुक्काम कुठं आहे, बरोबर शिक्षिका आहेत का, स्वच्छतागृहाची सोय काय, हे सगळं खडसावून विचारा. सोय नसेल तर ती करायला लावा. पण मुलीला घरी ठेवू नका.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही 1851 सालची संस्था आहे. तिथं आणि केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. पुढे शिकायला जॅम आणि गेट या प्रवेशपरीक्षा आहेत. त्यासाठी पाठांतरही लागतं, ते करा, मी मना करत नाही. पण नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात नकाशा देऊन तुम्हाला जीपमधून उतरवतात. बोगद्याच्या कामावर तर पुढच्या दहा मीटरमध्ये खडक कसा असेल हे त्याच दिवशी सांगावं लागतं. डॉक्टरला जसा परिषदेचा परवाना लागतो, तसा सरसकट परवाना आपल्याकडे भूशास्त्रज्ञाला लागत नाही. त्यामुळे तुम्हाला काय येतं याची खात्री करून घेण्याचं काम कॉलेजनं केलं नाही, तर ते दुसरं कुणीच करत नाही. ते तुम्हीच स्वतःसाठी करा. हातोडा, लेन्स आणि आम्लाची छोटी बाटली घ्या, खर्च फार नाही. गावाकडे गेलात की रस्त्याच्या कडेचा प्रत्येक कापलेला डोंगर ही फुकटची प्रयोगशाळा आहे. मात्र दरडीखाली उभं राहू नका, आणि संरक्षित जागी हातोडा चालवू नका. निघोजच्या रांजणखळग्यांवर किंवा लोणारच्या काठावर हातोडा मारणाऱ्याला भूशास्त्र आलेलं नसतं.

राहिले ते बाकीचे लोक, आणि माझं काम सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच आहे. खाणमालकांनो, वर्षातून एक दिवस मुलांना आत येऊ द्या. सुरुंगाची वेळ सोडून, हेल्मेट घालून. घाटातल्या रस्त्याचे ठेकेदार जाळी आणि सिमेंट मारण्याआधी डोंगर उघडा ठेवतात, त्या दिवसांत जवळच्या कॉलेजला कळवलं तर मुलांना पुढे कधीच न दिसणारी भिंत बघायला मिळते. आणि शेतकऱ्यांना विशेष सांगणं. तुमच्या नव्या विहिरीचं खोदकाम पुरं झालं की बांधकामाला हात लावण्याआधी जिल्ह्यातल्या भूशास्त्र विभागाला एक फोन करा. रिंग टाकली की थर कायमचे झाकले जातात. त्याआधीचे आठ-पंधरा दिवसच ते नीट दिसतात. मुलं सकाळी येतील, दोर आणि टेप त्यांचा, दुपारपर्यंत मोजमाप उरकेल. जाताना त्या थरांच्या चित्राची एक प्रत मागून घ्या आणि ग्रामपंचायतीत ठेवा. शेजारच्या गटात पुढची विहीर कुणी काढायला निघालं, की ती प्रत त्याला दाखवा.